काटा

मठ मोडला त्याला आता अठरा वर्षं झाली.
छपराचं शिसं गेलं, घंटा वितळल्या,
ग्रंथ तेवढे कोणाला नको होते.
ते हम्फ्री टॉलीने नेले, काट्यावर जोखून,
मेणबत्त्या गुंडाळायला, बूट पुसायला.
त्याच्याकडचा शेवटचा गठ्ठा मी आठ पेन्यांना घेतला,
वर एक वाम मागून घेतली
सेव्हर्न नदीतली, जिवंत.

मी टॉमसिन पार्डो.
नवऱ्यामागे पुस्तकबांधणीचं दुकान चालवते.
लंडनहून सुटे फर्मे येतात, पिंपात भरून.
राजा बदलला की देवाची भाषा बदलते:
आधी लॅटिन, मग इंग्रजी, आता राणी आली तर
पुन्हा लॅटिन. मला काय,
मी तोच देव तिसऱ्यांदा शिवते.
आणि हल्ली ती इटलीच्या धर्तीवरची कवनं,
मोजून चौदा ओळींची,
ज्यांत बाई म्हणजे बर्फ आणि पुरुष सदा जळत असतो.
आमच्या गावात प्रेमाने जळालेला मी पाहिला नाही.
बाजारात जाळलेला एक पाहिला.
तो विणकर होता.

कागद नवा, उमेदीचा, पण पाठ कच्ची त्याची.
म्हणून जुन्या चामड्याच्या पट्ट्या कापायच्या
आणि सरस लावून कण्यात घालायच्या.
वासराचं कातडं ते. उजेडाला धरलं
की केसांची छिद्रं दिसतात अजून.

ऑस्विन आला तेव्हा सुरी हातात होती.
पूर्वी मठात होता, आता पोरांना धातू घोकायला लावतो,
आणि पोरं अंडी देतील ती खातो.
म्हणाला, थांब.
नखाने एक अक्षर दाखवलं:
उभा दांडा, पोटाशी गाठ.
याचं नाव काटा, म्हणाला.
फ्रेंच बोलणारे सरदार येण्याआधीचं आहे हे.
आपलंच.

वाच म्हटलं तर अडखळला.
समुद्र. रात्र. मग बराच वेळ काही नाही.
मग भाऊ.
चौथा शब्द हातात आला आणि निसटला,
वामसारखा. तो तसाच उभा राहिला,
बोट पानावर, तोंड अर्धं उघडं.

पण तो काटा कसा म्हणायचा, ते त्याला येत होतं:
जीभ दातांच्या फटीत ठेवायची
आणि वारा सोडायचा.
अहो, हा तर मी सकाळपासून शंभरदा काढते!
पोराला हाक मारताना, भाव करताना,
तिकडचं, इकडचं, तो, ते, हे म्हणताना.
माझ्या हातावर काटा आला.
मग पाहिलं तर
त्या कातड्यावरही होता.

जँकिन माझा लंडनला खिळे जुळवतो.
त्याला निरोप धाडला, असं अक्षर आहे का तुमच्याकडे?
उत्तर आलं मायकेलमसच्या जत्रेनंतर,
तेही लोकरवाल्याच्या हाती, भिजलेलं:
आई, आमचे साचे समुद्रापलीकडून येतात.
त्यांच्या तोंडात तो आवाज नाही, म्हणून खणात तो खिळा नाही.
जिथे लागतो तिथे आम्ही वाय बसवतो.
कोणी तक्रार करत नाही.
थंडीसाठी मोजे पाठव.

मोजे पाठवले.

ऑस्विनला ते पान हवं होतं. मागितलं नाही त्याने,
मीही दिलं नाही. खरं सांगायचं तर
अर्धं आधीच कापून झालं होतं,
समुद्र एका व्याकरणात गेला होता
आणि बारा पुस्तकं शनिवारी द्यायची होती.
एवढंच केलं, की भाऊ असलेली पट्टी
अक्षरं आत वळवून लावली.
सहसा मी कोरी बाजू आत ठेवते.

ते पुस्तक ऑस्विनच्याच शाळेत गेलं.
उघडताना पाठीत करकरतं म्हणे.
काल एक पोरगं तक्रार घेऊन आलं,
बाई, सरस नीट वाळला नव्हता वाटतं.
मी म्हटलं, असेल.